आखाजी ते आखाजी

सकाळपासून तिसऱ्यांदा सुपडूनं खुंटीवरची घोंगडी काढली. दारात उभं राहून ती फटाफट झटकली, घडी केली, घडी मोडली आणि पुन्हा खुंटीला टांगली. आवाज स्वयंपाकघरापर्यंत जावा एवढा जोर त्यानं झटकण्यात लावला होता. आत त्याची सून विमल पाट्यावर पुरण वाटत होती. वरवंटा क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

“मामाजी, धूळ फार झाली का हो घोंगडीला?” तिनं आतूनच विचारलं.

“धूळ कशाची? शेतात नेली तर धूळ. इथं खुंटीवर टांगून टांगून तिचं सोनं झालं.”

यावर सुनेनं काहीतरी म्हणावं, निदान ‘मग झटकता कशाला’ एवढं तरी विचारावं, म्हणून तो थोडा वेळ दारात थांबला. आतून वरवंट्याचा आवाज तेवढा येत राहिला. मग तो बाहेर ओट्यावर जाऊन बसला.

आज आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया होती, आणि सुपडूचं साल आज संपत होतं.

गेल्या आखाजीला तो फोपनारहून बुऱ्हाणपुरात आला, तो मुदत ठरवूनच आला होता. त्याआधी एकेचाळीस वर्षं त्यानं फोपनारच्या देवराम पाटलाकडे सालदारकी केली होती, म्हणजे सालासालाच्या बोलीवर शेतात राबला होता. मुलगा वसंत शिकला, तहसील कचेरीत कारकून झाला, त्यानं बुधवारा मोहल्ल्यात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. मग तो बापाला न्यायला गेला. गुडघा धरून औतामागं आता किती चालणार, म्हणाला. सुपडू म्हणाला, “येतो. पण आखाजी ते आखाजी. पुढचं पुढं.” वसंत हसला आणि बरं म्हणाला.

आता या सालदारकीचा एक रिवाज होता. आखाजीला पितरांची घागर भरली, नैवेद्य दाखवला, की पंगत बसायच्या आधी मालक ओट्यावर यायचा. सालदार खाली अंगणात घोंगडी खांद्यावर टाकून उभा असायचा. मालक खाकरून विचारायचा, “काय, यंदा काय विचार?” सालदारानं लगेच हो म्हणायचं नाही. त्यानं जरा आढ्याकडे बघायचं, पायाच्या अंगठ्यानं माती उकरायची आणि म्हणायचं, “बघू.” मग मालक म्हणायचा, बघू काय बघू, पान मांडलंय. सालदार एखादी मागणी घालायचा, नवा जोडा म्हणा, नवी घोंगडी म्हणा, आणि मालक मंजूर म्हणायचा. झालं, दोघंही जेवायला. पण मालकानं विचारलंच नाही, तर सालदारानं काय ते समजून घ्यायचं. जेवायचं, हात धुवायचे, घोंगडी घेऊन निघायचं. भांडण नाही, तंटा नाही. आपण होऊन ‘ठेवता का’ म्हणायचं नाही. ते भीक मागणं झालं.

सुपडूला एकेचाळीस वेळा विचारलं गेलं होतं. एका वर्षी तर पाटील तापानं फणफणला होता, तरी गोधडी पांघरून ओट्यावर आला आणि दात वाजवत वाजवत विचारून गेला.

इथं मात्र घागर भरून झाली होती, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवून झालं होतं, पुरण वाटत आलं होतं, आणि कुणाच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

समोरच्या दारात दिगंबर शिंपी सण म्हणून शिवणयंत्र बंद ठेवून नुसताच बसला होता. रिकाम्या हातांना चैन नव्हती, म्हणून त्यानं तोंड चालू केलं.

“मग सुपडूबाबा, आज सुटले म्हणायचे आमच्या शहरातून!”

“सुटलो म्हन,” सुपडू म्हणाला. “काय हाय तुमच्या शहरात? दात घासाले कडुलिंबाची काडी, तेबी इकत. चुलीले गोवरी, तेबी इकत. शेन इकत घेनारी मानसं मी इथंच पाह्यली.”

“आणि गावात पोटात कळ उठली की गाडीत घालून कुठं आणतात? इथंच ना? डॉक्टर काय केळीच्या बागेत लागतो?”

“इथं आल्यापासून दिवस कुठी मावळतो ते दिसलं नही मले. गिरणीचा भोंगा वाजतो तवा समजाचं, का बुडाला बुवा.”

“भोंगा वेळेवर वाजतो. सूर्याचं काय, ढग आले की दांडी.”

शेजारची धुरपदाबाई कुरडया तळता तळता झारा घेऊनच बाहेर आली. तीस वर्षांपूर्वी ती देडतलाईहून लग्न होऊन या गल्लीत आली होती. गाव आणि शहर या विषयावर शेवटचा शब्द आपला, असं ती धरून चालायची.

“मी आले तवा तीन म्हयने रडले, भाऊ,” ती म्हणाली. “नळावर भांडता येईना म्हणून. या बाया हिंदीत भांडत. मले भांडन मराठीतच येये. मंग शिकले हिंदीत भांडाले, अन् रमले.”

“तुम्ही रमले, नळ रडू राहिला,” दिगंबर म्हणाला.

धुरपदाबाईनं त्याच्याकडे झारा रोखला. “पन एक सांगते, गावात मानूस मेलं तर सारं गाव उठतं. इथं तिसऱ्या घरचं मानूस ईचारतं, कोन व्हतं म्हने.”

“अन् गावात जित्या माणसाला सारं गाव उठून छळतं, ते?” दिगंबर म्हणाला. “काय खाल्लं, काय प्यालं, कुणाकडं बघितलं. इथं बरं, कुणाला कुणाची पर्वा नाही. सरकारला तर नाहीच नाही. गेल्या नोव्हेंबरात राज्यं नव्यानं आखली; रात्री झोपलो नागपूरचे, सकाळी उठलो भोपाळचे. कुणी आलं होतं का विचारायला, की दिगंबर, तुला कुठं राहायचं?”

“ईचाराले पायजे व्हतं,” सुपडू एकदम म्हणाला.

तो इतक्या तळमळीनं बोलला की दिगंबर चकित झाला. वर्षभरात सुपडूनं त्याचं म्हणणं पहिल्यांदाच मान्य केलं होतं.

“एवढं काय मोठं काम व्हतं?” सुपडू पुढं म्हणाला. “ईचाराचं. मानूस नही म्हनन, हो म्हनन. पन ईचाराचं.”

“बाबा, तुम्ही भोपाळला जा,” दिगंबर म्हणाला. “आपल्या गल्लीतर्फे.”

सगळे हसले. सुपडूही हसला, पण त्याचं लक्ष दारातून आत होतं.

वर्षभर या ओट्यावर त्यानं शहराला नावं ठेवली होती. दुधात पाणी, पाण्याला रांग, रांगेत घाई. त्यामुळं गल्लीची खात्री झाली होती की हा म्हातारा आखाजीची वाट बघतोय. आणि ज्या गोष्टी त्यानं ओट्यावर कधी काढल्या नाहीत, त्या कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

त्यातली एक चौकातल्या चहाच्या हॉटेलातली. पहिल्यांदा गेला तेव्हा सवयीनं तो दाराबाहेर उकिडवा बसला. फोपनारला पाटलाच्या घरी त्याची कपबशी गोठ्याच्या कोनाड्यात वेगळी असायची, त्याची त्यानं विसळायची. हॉटेलवाला गल्ल्यावरून ओरडला, “अंदर बैठो बाबा, रास्ता मत रोको.” आत बाकावर एका बाजूला एक वकील होता आणि दुसऱ्या बाजूला टांगेवाला. तिघांना एकाच तबकातून तीन सारखे ग्लास आले. सुपडूनं तो चहा इतका सावकाश प्याला की शेवटी गार झाला. तेव्हापासून रोज चार वाजता तो ‘पाय मोकळे करायला’ जायचा.

दुसरी गोष्ट दुपारची. विमल मास्तराची मुलगी. सासरा दुकानांच्या पाट्यांकडे टक लावून बघतो हे तिनं पहिल्याच महिन्यात हेरलं आणि एक दिवस न बोलता पाटी-पेन्सिल त्याच्यापुढं ठेवली. बाराखडी झाली. ‘कापड’, ‘साबण’, ‘केळी’ झाली. आता तो चौकातून येताना पाट्या वाचत यायचा. मध्येच एखादं जोडाक्षर आडवं यायचं आणि तो तिथं अडखळायचा. जोडाक्षरं अजून राहिली होती.

गल्लीच्या तोंडाशी बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. फोपनारच्या देवराम पाटलाचा आत्ताचा सालदार लोटू काल संध्याकाळी केळीचे घड घेऊन शहरात आला होता. रात्री बाजारात मुक्काम करून आता तो रिकामी गाडी घेऊन दारात उभा राहिला. बैल निंबाखाली बांधून तो ओट्यावर येऊन टेकला.

“झाली तयारी, दादा?” त्यानं विचारलं. “जेवलं का निंघू. दिवस बुडाच्या आत फोपनार.”

“तुह्या सालाचं काय झालं?” सुपडूनं विचारलं.

“मले परवाच ईचारलं पाटलानं. आज मी इकडं, म्हनून त्या रातीच ओट्यावर येऊन ईचारून टाकलं. नवा जोडा देतो म्हने.” लोटूनं पाय पुढं करून जुना जोडा दाखवला. “अन् तुमच्यासाठी सांगनं हाय. म्हने, सुपडूले ईचार. केळीच्या बागेत राखनीले बसाचं, दुसरं काम नही. गोठ्याजवळची खोली झाडून ठेवली.”

फोपनारनं चार कोसांवरून गाडी पाठवून विचारलं होतं. इथं स्वयंपाकघरापासून ओटा चार पावलं होता.

विमल लोटूसाठी चहा घेऊन आली. दुसऱ्या हातात एक फडक्याचं गाठोडं होतं. ते तिनं सुपडूच्या शेजारी अलगद ठेवलं.

“सांजोऱ्या आहेत, मामाजी. वाटेत लागतील.”

शिदोरी! सुपडूनं गाठोड्याकडे बघितलं. न विचारणं एक वेळ समजलं असतं, पण इथं तर वाटेचं बांधून तयार होतं. तो उठला, आत गेला, खुंटीवरची घोंगडी चौथ्यांदा काढली. या वेळी झटकली नाही. घडी करून ओट्यावर आणली आणि मांडीवर घेऊन बसला.

विमल ती घडी बघत उभी राहिली. मग लोटूला म्हणाली, “भाऊ, तिकडे करमेल ना त्यांना? बागेत एकट्यानं बसायचं म्हणजे…”

लोटूनं बशीतला चहा ओढला. त्याला जे वाटत होतं ते त्यानं सरळ बोलून टाकलं.

“ते मंगचं, वयनी. आधी हे सांगा, दादाले तुमी ईचारलं का कोनी?”

“काय विचारायचं?”

“लोटू!” सुपडू म्हणाला. “चहा पे मुकाट्यानं.”

“पेतो ना. पन ईचाराचं असते ते. आखाजीले. मालकानं नही ईचारलं, तं सालदारानं राह्याचं कसं? कोन राह्यते बिना ईचाऱ्याचं?”

सुपडू गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडे बघू लागला. तिथं बघण्यासारखं काहीही नव्हतं, एक कुत्रं झोपलं होतं. विमल पदर खोचत भराभर आत गेली.

घर दोन खोल्यांचं. आतलं बोलणं ओट्यावर यायला अडचण नव्हती.

“बाबांना विचारायचं असतं म्हणे आज,” विमलचा आवाज आला. “पुढचं साल राहता का म्हणून. तुम्हाला माहीत होतं?”

आत वसंत पाट मांडत होता, तो आवाज थांबला.

“माहीत होतं,” तो म्हणाला.

“अहो, मग?”

“लहानपणी मी पाटलाच्या कणगीमागं उभा राहून बघायचो, दर आखाजीला. पाटील वर सावलीत. बाबा खाली उन्हात, घोंगडी खांद्यावर. पाटील काही वाईट माणूस नव्हता, विचारायचाच. पण तो विचारेपर्यंत बाबांची मान खाली असायची. ती मान मला बघवायची नाही, विमल. तेव्हाच ठरवलं होतं, मी कमावता झालो की बाबांना हे पुन्हा कुणी विचारायचं नाही. आणि मीच विचारू? बापाला कुणी सालानं ठेवतं का?”

“आणि मी म्हटलं, आपण राहा म्हटलं तर भिडेखातर राहतील. इतकी नावं ठेवतात शहराला, त्यांना जाऊ द्यावं मनासारखं. मी तर शिदोरीसुद्धा बांधली हो!”

आतून हसण्याचा आवाज आला की नाक ओढल्याचा, ते ओट्यावरून नीट कळलं नाही.

सुपडूचा हात नकळत मानेकडे गेला. मानेवर जुवाचं ओझं वाहिलेल्या बैलासारखा तो मान चोळत बसला. कणगीमागं पोरगं उभं असायचं, हे त्याला एकेचाळीस वर्षांत कधी कळलं नव्हतं. त्याला वाटायचं, पोरगं आमरसाच्या पातेल्याशी असेल.

थोड्या वेळानं वसंत बाहेर आला. अंगात सणाचा पांढरा सदरा, कचेरीत घालायचा तोच. तो सुपडूसमोर आला आणि वाकून त्यानं बापाच्या मांडीवरची घोंगडी उचलली.

“काय करतो?” सुपडू म्हणाला.

ओट्याच्या तीन पायऱ्या उतरून वसंत खाली गल्लीत गेला. बाराचं ऊन होतं. त्यानं घोंगडी खांद्यावर टाकली, बापाकडे तोंड करून उभा राहिला आणि मान खाली घातली.

सुपडूला आधी समजलंच नाही. तो लोटूकडे बघू लागला. लोटूच्या हातातली बशी तोंडापाशी पोचून थांबली होती. समोर दिगंबर उठून उभा राहिला. धुरपदाबाई झाऱ्यासकट दारात आली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला काय बोलावं ते सुचलं नाही. विमल चौकटीला धरून उभी होती, तिच्या बोटांना पुरण लागलेलं होतं.

वसंत पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होता. पण बुधवाऱ्याच्या गल्लीत फरशी होती. उकरायला माती सापडत नव्हती, तरी अंगठा बिचारा प्रयत्न करत होता.

तेव्हा सुपडूला समजलं.

“वर ये,” तो म्हणाला. “खुळ्या, ऊन हाय. वर ये.”

वसंत हलला नाही.

“दादा,” लोटू हळूच म्हणाला, “ईचारा ना त्याले. असा किती येळ उभा ठेवता?”

सुपडूनं इकडंतिकडं बघितलं. या बाजूला तो जन्मात कधी बसला नव्हता. ओट्यावरून खालचा माणूस किती लहान दिसतो, त्याचा टाळू कसा दिसतो, हे त्याला नवीन होतं. वसंतच्या डोक्यावर मधोमध केस विरळ झाले होते, तेही त्यानं आजच बघितलं. त्यानं धोतर सारखं केलं. टोपी नीट बसवली. मग घसा खाकरला, आणि जो आवाज आला तो हुबेहूब देवराम पाटलाचा आला. लोटू दचकून सावरून बसला.

“काय रे वसंता,” सुपडू म्हणाला. “यंदा काय विचार?”

वसंतनं लगेच हो म्हटलं नाही. त्यानं वर बघितलं. गल्लीत आढं कुठलं? दोन घरांमधून आभाळाची एक पट्टी गेली होती आणि तिच्यात विजेची तार.

“बघू,” तो म्हणाला.

“बघू काय बघू? पान मांडलंय.”

“माझ्या मागण्या आहेत.”

“सांग.”

“रोज चार वाजता पाय मोकळे करायला जाता, तिथं सुट्टीच्या दिवशी मलाही न्यायचं.”

सुपडूचे कान तापले. “तुले कोनी सांगितलं?”

“कचेरीत येणारे वकील त्याच बाकावर बसतात. आणि दुसरं, पाटी अर्धी टाकून जायचं नाही. जोडाक्षरं पुरी करायची.”

“लई मागतो हा,” सुपडू दिगंबरला म्हणाला. “शहरातले सालदार लई मागतात.”

“ठेवून घ्या, बाबा,” दिगंबर म्हणाला. “चेहऱ्यावरून इमानदार दिसतो.”

सुपडूनं गुडघ्यावर हात टेकले.

“मंजूर,” तो म्हणाला.

धुरपदाबाईनं मोठा श्वास सोडला. तेवढ्यात तिला जळका वास आला. “माय व, माह्या कुरडया!” म्हणत ती आत पळाली, आणि गल्ली पुन्हा बोलायला लागली.

जेवणं झाली. आमरसाच्या तीन वाट्या खाऊन लोटूनं बैल जुंपले. सुपडूनं सांजोऱ्यांचं गाठोडं त्याच्या हातात दिलं.

“मंग पाटलाले काय सांगू?” लोटूनं विचारलं. “त्याहिनं गाडी धाडून ईचारलं व्हतं. नुसतं नही कसं सांगू?”

सुपडूनं जरा विचार केला. पाटलाचा मान राहायला हवा होता.

“सांग, पुढच्या म्हयन्यात केळीबागेत दोन दिस येतो. दिवस मावळताना पाहून घेतो. पन राहाले जमत नही म्हन. सुपडूकडं आता सालदार हाय. त्याले एकटं टाकून कसं येऊ?”

गाडी गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झाली. घुंगरांचा आवाज बराच वेळ येत होता, मग चौकातल्या गलक्यात मिसळला. सुपडू आत आला. वसंत चटईवर आडवा झाला होता, घोंगडी अजून त्याच्या खांद्याखालीच होती. म्हाताऱ्यानं ती हलकेच ओढून घेतली आणि खुंटीला टांगली.

मग त्यानं कोपऱ्यातली पाटी काढली, बाहीनं पुसली आणि चार वाजायची वाट बघत बसला.